क्षारपड जमीन कशी सुधारायची? उपग्रह, माती परीक्षण आणि निचरा, सगळं सोप्या भाषेत

सांगली-कोल्हापूर भागात कृष्णाकाठच्या काही उसाच्या रानांत मातीवर पांढरा थर दिसतो. ही क्षारपड जमीन. हे एखाद्या ॲपवर कळेल का? थोडं कळेल, पण उपाय ठरवायला तेवढं पुरत नाही असं मला वाटतं. का, ते बघूया.

जमीन क्षारपड का होते?
काळ्या भारी मातीत पाणी हळू मुरतं. वर्षानुवर्षं पाटाने भरमसाट पाणी दिलं आणि निचरा नसला, की भूजल वर येतं. उन्हाने पाणी उडून जातं, त्यातले क्षार मात्र वरच राहतात.

मोबाईलवर काय दिसतं?
कोपर्निकस ब्राउझरवर सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं मोफत मिळतात. साधारण दर 5 दिवसांनी नवीन चित्र येतं आणि 10 मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. पीक कुठे सतत कमजोर आहे ते कळतं. पण कारण क्षार आहेत की रोग, हे चित्र सांगत नाही.

माती परीक्षण कशासाठी?
कारण क्षारपड जमिनीचे प्रकार वेगळे आहेत. संपृक्त मातीच्या अर्काची विद्युत वाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, पण सोडियम कमी असेल तर जमीन खारवट. तिथे निचरा करून गोड्या पाण्याने क्षार धुवायचे. सामू 8.5 च्या वर आणि सोडियम जास्त असेल तर ती चोपण. तिथे आधी जिप्सम लागतं, कारण त्यातलं कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमची जागा घेतं. नुसत्या खारवट जमिनीत जिप्सम टाकलं तर पैसे वाया. आणि दोन्ही दोष असलेली जमीन जिप्समशिवाय धुतली तर ती चोपण होऊ शकते!

पाईप टाकले की झालं?
नाही. सच्छिद्र पाईप साधारण 1 ते 1.5 मीटर खोल घालतात. त्यातलं पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर वाट बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या रानातून जाते. म्हणजे इंजिनिअरचा नकाशा बरोबर असूनही गावाची एकी नसेल तर काम अडतं. आणि नंतर पाणी पुन्हा भरमसाट दिलं तर क्षार परत येतात. म्हणून ठिबक हवं.

हरियाणात कर्नालला केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था 1969 पासून यावर काम करते. तिथे मातीचे अभ्यासक, निचऱ्याचे इंजिनिअर, क्षार सोसणारे वाण तयार करणारे आणि समाजशास्त्रज्ञही आहेत, ते यासाठीच.

तुमच्या घरी शेती असेल तर मोबाईलवर कमजोर पट्टा शोधा, तिथली माती प्रयोगशाळेत द्या, आणि मगच वडीलधाऱ्यांसोबत खर्चाचं ठरवा.