काळी गाडी मिळेना, कारण फुकुशिमा!

२०११ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत फोर्डने आपल्या डीलर्सना कळवलं, की चमकदार काळ्या रंगाच्या गाड्यांची नवी ऑर्डर सध्या घेऊ नका. काही लाल छटांचंही तेच. कारण होतं जपानमध्ये.

११ मार्चला तिथे ९.० तीव्रतेचा भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी. फुकुशिमा म्हटलं की आपल्याला अणुभट्ट्याच आठवतात. पण त्याच प्रांतात ओनाहामाला मर्क या जर्मन कंपनीचा कारखाना होता. गाडीचा रंग उन्हात चमचमतो ना, ती चकाकी देणारं ‘झिरॅलिक’ नावाचं रंगद्रव्य तिथे बनायचं. अख्ख्या जगात तेव्हा फक्त तिथेच!

टोयोटाची पंचाईत याहून मोठी. माल साठवायचा नाही, लागेल तेव्हा लागेल तेवढाच मागवायचा, ही तिची प्रसिद्ध ‘जस्ट इन टाइम’ पद्धत. कंपनीला वाटायचं, आपली पुरवठादारांची उतरंड पिरॅमिडसारखी आहे, खाली जावं तशी रुंद होत जाणारी. शोध घेतला तर निघाली भोवऱ्यासारखी! वरचे पुरवठादार वेगवेगळे, पण त्यातले कित्येक खाली त्याच एखाद-दुसऱ्या कारखान्यावर अवलंबून. असाच एक म्हणजे रेनेसासचा नाका इथला चिप कारखाना. तो उभा करायला ग्राहक कंपन्यांनीच माणसं धाडली, दिवसाला अडीच हजारांपर्यंत. १ जूनला उत्पादन पुन्हा सुरू झालं.

बरं, इशारा आधी मिळाला नव्हता का? मिळाला होता की! जुलै २००७ मध्ये निगाता प्रांतात भूकंप झाला, रिकेन कंपनीचा पिस्टन रिंगचा कारखाना बंद पडला आणि टोयोटासकट जपानभरच्या गाड्यांच्या कंपन्या थांबल्या. तेव्हाही सगळ्यांनी मिळून आठवड्याभरात तो चालू केला. माझ्या मते घोळ इथेच झाला. दुरुस्ती इतकी झटपट झाली, की मुळात एवढी मदार एकाच कारखान्यावर का, हा प्रश्न मागे पडला.

२०११ नंतर मात्र टोयोटाने कुठला भाग कुठे बनतो याची थेट खालपर्यंत नोंद करायला घेतली. सोपं नव्हतं. आपण माल कुणाकडून घेतो हे सांगायला कोण पुरवठादार राजी होणार? धंद्याचं गुपितच ते! शिवाय पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांच्या चिप साठवायला सांगितलं. म्हणजे ‘जस्ट इन टाइम’च्या माहेरघरातच कोठार!

२०२१ च्या सुरुवातीला जगभर चिपचा दुष्काळ पडला, इतर कंपन्या उत्पादन कमी करू लागल्या, तेव्हा याच साठ्यावर टोयोटा बराच काळ तगली. मार्चमध्ये त्याच नाका कारखान्याला आग लागली, तरीही. शेवटी सप्टेंबरच्या नियोजित उत्पादनात तिलाही ४० टक्के कपात करावी लागली.