मराठी ख्रिस्ती प्रवचन

मराठी ख्रिस्ती प्रवचन म्हणजे मराठीभाषक ख्रिस्ती उपासनेत बायबलच्या आधारे केले जाणारे निरूपण होय. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत त्यास उपदेश किंवा संदेश असेही म्हणतात. निरनिराळ्या पंथांच्या प्रवचनशैलींतील भेद मुख्यतः उपासनेत प्रवचनाला असलेल्या स्थानावरून निर्माण झाला आहे.

पूर्वपीठिका
इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात गुरू कथा सांगतो आणि श्रोते शंका विचारतात. ख्रिस्ती निरूपणासाठी पुराणकथनाची देशी पद्धत येथे योजलेली दिसते. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी मराठी शिकून रस्त्यांवर व बाजारांत उपदेश सुरू केला.

कॅथलिक प्रवचन
मिस्सामध्ये शुभवर्तमानाच्या वाचनानंतर प्रवचन होते. पुढे ख्रिस्तप्रसादाचा मुख्य विधी असल्याने ते सहसा आटोपशीर असते. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रानुसार ठरलेली असतात. विषय त्यांतूनच निघतो. मिस्सातील हे प्रवचन धर्मगुरू किंवा उपधर्मगुरूच देऊ शकतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषेतील उपासनेस वाव दिला आणि रविवारच्या प्रवचनाचे महत्त्व अधोरेखित केले. ट्रॉम्बेसह साष्टीच्या परिसरातील ईस्ट इंडियन समाजाची घरची भाषा मराठीची बोली आहे; प्रवचन मात्र प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत ऐकावे लागते. वसईतील सामवेदी व वाडवळी बोलणाऱ्या भाविकांनाही हे अंतर परिचयाचे आहे.

प्रॉटेस्टंट उपदेश
अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपदेश हा उपासनेचा केंद्रबिंदू असतो. पाळक एखादे वचन निवडून त्याचा अर्थ, संदर्भ आणि जीवनातील उपयोग मुद्देसूद उलगडतात. श्रोते पुष्कळदा आपापले बायबल उघडून वचन पडताळतात. १९७० साली नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये अँग्लिकन व इतर परंपरा एकत्र आल्याने नेमलेली वाचने आणि पाळकाची निवड या दोन्ही रीती तेथे आढळतात.

साक्ष आणि उत्स्फूर्त संदेश
१८८२ मध्ये मुंबईत आलेल्या मुक्तिफौजेने मिरवणूक, वाद्ये आणि चौकातील भाषण यांचा मेळ घातला. स्त्रियांनाही उपदेशाचा अधिकार दिला. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या धर्मजागृतीत सामूहिक, मोठ्याने केलेल्या प्रार्थनेला महत्त्व आले. पेंटेकॉस्टल मंडळ्यांतील संदेशात स्वानुभवाची साक्ष, गायन आणि श्रोत्यांचा ‘आमेन’, ‘हालेलुया’ असा प्रतिसाद एकमेकांत मिसळलेले असतात.

ख्रिस्ती कीर्तन
एकोणिसाव्या शतकात अहमदनगर परिसरातील मिशनच्या कार्यात ख्रिस्ती कीर्तन रुजले. पूर्वरंगात वचनाचे निरूपण आणि उत्तररंगात बायबलमधील आख्यान अशी त्याची मांडणी असते. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग व कीर्तन या माध्यमांचा आग्रहाने पुरस्कार केला. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांना धर्मांतर म्हणजे देशी संस्कृतीशी फारकत, हे मान्य नव्हते. पाश्चात्त्य वळणामुळे ख्रिस्ताचा संदेश परका वाटतो, या जाणिवेतून त्यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते. प्रवचन कोणत्या भाषेत द्यावे यापलीकडे जाऊन ते कोणत्या रूपात द्यावे, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजात टिळकांनी ठळकपणे उपस्थित केला.