हवेचा कायदा कोणाला लागू?

धुराडे नाही, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाशी आपला संबंध नाही, असा समज पुण्यातील अनेक लहान कारखानदारांत आणि व्यावसायिकांत दृढ आहे. कायद्याच्या शब्दांत त्याला आधार नाही.

हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ नुसार 'वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्रा'त औद्योगिक संयंत्र उभारण्यास वा चालविण्यास मंडळाची पूर्वसंमती आवश्यक असते. महाराष्ट्रात प्रथम २ मे १९८३ रोजी काही भाग असे घोषित झाले. ६ नोव्हेंबर १९९६ पासून संपूर्ण राज्य त्यात मोडते. त्यामुळे व्यवसाय भोसरीत आहे की शुक्रवार पेठेत, याने कायद्याच्या लागू होण्यात फरक पडत नाही.

खरा प्रश्न व्याख्येचा आहे. मूळ कायद्यात परिशिष्टात नमूद केलेल्या उद्योगांपुरतेच संमतीचे बंधन होते. १९८७ च्या दुरुस्तीने ही मर्यादा गेली. औद्योगिक अथवा व्यापारी कामासाठी वापरले जाणारे आणि हवेत प्रदूषक सोडणारे कोणतेही संयंत्र आता 'औद्योगिक संयंत्र' ठरते. कामगारांची संख्या, भांडवल किंवा धुराडे यांची अट तीत नाही. बेकरीची लाकडावरील भट्टी, गॅरेजमधील रंगफवारणी, रेडीमिक्स काँक्रीट प्रकल्पात उडणारी सिमेंटची धूळ, या सर्वांचा विचार करावा लागतो. त्याच दुरुस्तीने ध्वनीचीही गणना प्रदूषकांत झाली, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

यानंतर श्रेणी पाहावी. प्रदूषणक्षमतेनुसार उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवी व पांढरी अशी वर्गवारी केली जाते. अलीकडे अत्यावश्यक पर्यावरणीय सेवांसाठी निळी श्रेणीही आली आहे. पांढऱ्या श्रेणीला नोव्हेंबर २०२४ च्या केंद्रीय अधिसूचनेने संमतीतून सूट मिळाली; तरी मंडळाला लेखी कळवावे लागते. इतरांना उभारणीपूर्वी एक आणि काम सुरू करण्यापूर्वी दुसरी, अशा दोन संमती घ्याव्या लागतात. महापालिकेचा परवाना किंवा 'शॉप ॲक्ट'ची नोंदणी त्यांची जागा घेत नाही.

संमती लागत नसली, तरी सर्व नियम सुटत नाहीत. डिझेल जनित्राचेच पाहा. केव्हीए क्षमतेच्या वर्गमूळाला ०.२ ने गुणले असता येणारे मीटर, इतके त्याचे धुराडे इमारतीहून उंच असावे लागते; १०० केव्हीएसाठी हे अंतर दोन मीटर भरते. शिवाय संमती ठरावीक उत्पादनक्षमतेसाठी आणि इंधनासाठी असते. गॅसवरची भट्टी लाकडावर नेणाऱ्याने जुन्या कागदावर विसंबू नये.