कार्ड भरले आणि ओवी अर्धी राहिली



काही वर्षांपूर्वी नाताळ झाल्यावर आम्ही धर्मशिक्षणवर्गाचे तिघे जण आपल्या मंडळीतल्या एका आजींकडे गेलो होतो. ख्रिस्तजन्माच्या, मरियामातेच्या, हळदीच्या आणि जात्यावरच्या ओव्या त्यांना तोंडपाठ होत्या. कुठल्याही वहीत त्या लिहिलेल्या नव्हत्या. आम्ही चर्चमधला जुना डिजिटल रेकॉर्डर त्यांच्यासमोर ठेवला, लाल दिवा लागलेला पाहिला आणि निश्चिंत झालो. आजी सुमारे तीन तास गायल्या. घरी येऊन ऐकले तर तासाभरातच, एका ओवीच्या मध्यावर, आवाज तुटलेला. कार्ड भरले होते.

असे का झाले हे समजून घेताना आम्हाला कळले की ही अडचण आपल्यापुरती नाही. माणूस आवाज साठवू लागला तेव्हापासून ती त्याच्या पाठीशी आहे.

एडिसनने 1877 मध्ये फोनोग्राफ बनवला. त्यात कथलाच्या पातळ पत्र्यावर आवाज कोरला जाई आणि थोड्या वेळा वाजवला की पत्रा खराब होई. पुढे मेणाच्या नळ्या आल्या. त्यांच्यावर सुमारे दोन मिनिटे मावत. मग मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्या आल्या. नेहमीच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे बसत. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई मैफलीत एक राग तासभर आळवत, पण तबकडीसाठी त्यांनाही तो तीन मिनिटांत आटोपावा लागे. घड्याळ कलावंताचे ऐकत नाही.

याच तबकड्यांशी आपल्या शुभवर्तमानाचेही नाते आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतातील भाषांची मोठी पाहणी केली. वेगवेगळ्या भाषा आणि बोली शेजारी ठेवून तपासता याव्यात म्हणून त्यांनी सगळीकडून एकच गोष्ट मागवली. ती होती लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राची. मराठीचा खंड 1905 मध्ये छापून निघाला, त्यातही हाच दाखला आपल्या निरनिराळ्या बोलींत दिला आहे. पुढे 1913 ते 1929 या काळात या पाहणीसाठी अनेक भाषांतली बोलणी ग्रामोफोनवर घेतली गेली. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांच्या तोंडून हा दाखला आज ऐकू येतो तो त्यामुळेच.

जॉय रिडरहॉफ या मिशनरी बाई होंडुरासमध्ये सेवा करीत होत्या. आजारी पडून त्यांना अमेरिकेला परतावे लागले. मागे राहिलेल्या लोकांपर्यंत वचन कसे पोहोचवावे, या ध्यासातून त्यांनी 1939 मध्ये लॉस एंजेलिस येथे गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज ही संस्था सुरू केली. तबकडीवर काही मिनिटेच मावत, म्हणून संदेश थोडक्यात आणि ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेत बसवावा लागे. मर्यादेनेच त्यांना नेमके बोलायला लावले, असे आम्हाला वाटते.

1963 मध्ये फिलिप्सची कॅसेट आली. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटे. प्रवचन रंगात आले की कॅसेट उलटायला पुढच्या बाकावरून कोणीतरी धावत जाई, हे आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. 120 मिनिटांचीही कॅसेट मिळे, पण तिची फीत इतकी पातळ की गुंता व्हायला वेळ लागत नसे.

मेमरी कार्डाचा हिशेब वेगळा. एसडी कार्ड 1999 मध्ये जाहीर झाले. जुन्या प्रकारचे कार्ड 2 जीबीपर्यंतच असे. 2006 मध्ये 32 जीबीपर्यंतचा नवा प्रकार आला आणि 2009 मध्ये ही मर्यादा 2 टीबीपर्यंत गेली. मात्र जुन्या यंत्राला नवे कार्ड ओळखता येत नाही. आमच्या रेकॉर्डरचे तेच होते.

आता वेळ पाहू. सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलमध्ये दर सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने घेतले जातात. प्रत्येक नमुन्याला 2 बाइट, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. म्हणजे सेकंदाला 1,76,400 बाइट आणि तासाला सुमारे 635 एमबी. 2 जीबी कार्डावर जेमतेम तीन तास. आमच्या कार्डावर नाताळच्या गाण्यांचा दोन तासांचा सराव आधीच होता. उरला एक तास. तोच आजींच्या वाट्याला आला. एकच वाहिनी ठेवली असती तर दुप्पट वेळ मिळाला असता. 128 केबीपीएसचे एमपी3 निवडले असते तर तासाला फक्त 58 एमबी लागले असते आणि सगळ्या ओव्या सहज मावल्या असत्या. एक बटण दाबायचे होते.

ईस्टरनंतर पुन्हा जायचे आम्ही ठरवले. प्रायश्चित्तकाळातच आजी प्रभूकडे गेल्या.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात छापले गेले. पुढे आणखी दोनदा छापले, तरी त्या जुन्या छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. भाविकांनी हाताने नकला केल्या, ते गात राहिले, म्हणून ते वाचले आणि 1907 मध्ये मंगळूरला पुन्हा छापता आले. यंत्राने जे राखले नाही ते माणसांनी राखले.

म्हणून आता आम्ही जाण्यापूर्वी कार्ड रिकामे करतो, उरलेला वेळ पाहतो आणि घरी आल्यावर प्रत दोन ठिकाणी ठेवतो. आणखी एक करतो. एक मुलगी सोबत नेतो, ती वहीत लिहिते आणि जमेल तसे मागोमाग गाते.

येशूने केलेले सारे लिहायचे तर ती पुस्तके जगात मावणार नाहीत, अशा अर्थाचे बोलून योहान आपले शुभवर्तमान संपवतो. जागा त्यालाही अपुरी होती. तरी जेवढे लिहिले तेवढे आपल्या विश्वासाला पुरले. आजींच्या तासाभराच्या ओव्या आम्ही वर्गातल्या मुलांना शिकवल्या आहेत. तुटलेल्या ओवीपाशी मुले थांबतात आणि पुढे काय, असे विचारतात. आम्हाला उत्तर देता येत नाही. तुमच्या घरी अजून कोणी आजी-आजोबा गात असतील, तर या रविवारीच त्यांच्यापाशी जाऊन बसा.