चंद्रावरच्या पाण्याची हकीकत

मागे एका कोजागिरीला मंडळाच्या गच्चीवर दूध आटत असताना आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या काकूंनी वर बघत विचारले, "चंद्रावर पाणी सापडले म्हणतात, ते खरे का ग?" त्या वेळी मला धड सांगता आले नाही. स्मरणिकेसाठी लिहिण्याचा आग्रह झाला, तेव्हा त्याच प्रश्नाचा मागोवा घेतला. ती हकीकत भगिनींपुढे ठेवते.

१९६९ ते १९७२ या काळात अमेरिकेचे अंतराळवीर सहा वेळा चंद्रावर उतरले आणि त्यांनी तिथली ३८२ किलो दगडमाती आणली. तिच्यात पाण्याचा किंचित अंश आढळलाही होता. पण पेट्यांची झाकणे घट्ट बसली नव्हती. तेव्हा ही आपल्याच हवेतली ओल असणार, असे म्हणून शास्त्रज्ञांनी ती गोष्ट बाजूला सारली. चंद्र ठणठणीत कोरडा, हे मत पुढे कित्येक वर्षे टिकले.

२२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोट्याहून आपले चांद्रयान-१ निघाले. त्यावर काही पाहुणी उपकरणेही होती. त्यांतले एक अमेरिकेच्या नासाचे. त्याची धुरा ब्राउन विद्यापीठातील कार्ले पीटर्स या विदुषींकडे होती. चंद्रावरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशाची ते छाननी करी. माती प्रकाशाचा कोणता भाग गिळते, यावरून तिच्यात काय आहे ते कळते. शेजारी काय शिजते आहे हे आपण फोडणीच्या वासावरून ओळखतो, तसेच काहीसे!

पाणी जो भाग गिळते, नेमका तोच कमी भरू लागला. ध्रुवांकडे तर अधिकच. मला यापुढचा भाग सर्वांत भावतो. बाईंनी लगेच डांगोरा पिटला नाही. उपकरणातच दोष असेल म्हणून त्या आणि त्यांचे सहकारी महिनोन्महिने चूक शोधत बसले. चूक सापडेना. शनीकडे जाताना १९९९ साली पृथ्वी-चंद्राजवळून गेलेल्या कॅसिनी यानाची जुनी टिपणे तपासली गेली. जून २००९ मध्ये आणखी एका यानाकडून पडताळा मिळाला. तिन्ही साक्षी जुळल्या, आणि सप्टेंबरात शोध जाहीर झाला. त्याआधीच, २९ ऑगस्टला, चांद्रयानाशी संपर्क तुटला होता. बातमी आली तेव्हा बिचारे यान मुके झाले होते.

आपल्या शास्त्रज्ञांनी १४ नोव्हेंबर २००८ रोजी, पंडित नेहरूंच्या जन्मदिनी, यानातून एक छोटी पेटी चंद्रावर सोडली होती. खाली कोसळता कोसळता तिनेही पाण्याच्या खुणा टिपल्या. यान आपले आणि तो डोळा त्यांचा, तेव्हा श्रेय दोघांचे, हे मला मान्य आहे. पण या पेटीची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, याची रुखरुख वाटते.

अर्थात हे पाणी म्हणजे तळे नव्हे. सूर्याकडून येणारा हायड्रोजन मातीतल्या ऑक्सिजनला भेटतो, त्यातून झालेले हे कण मातीला चिकटलेले असतात. ध्रुवांजवळच्या ज्या खड्ड्यांत ऊन कधीच पोचत नाही, तिथे मात्र बर्फ आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरले. त्याच्या तापमापकाला वरच्या मातीत सुमारे ५० अंश उष्णता आढळली, आणि अवघ्या ८ सेंटिमीटर खाली शून्याखाली १० अंश!

हे सारे मी काकूंना सांगितले. एक टन माती उपसली तर जेमतेम लिटरभर पाणी मिळेल, असा अंदाज आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "अग बाई! त्यापेक्षा आमच्या गावच्या विहिरीचा गाळ काढलेला बरा."