इंग्रजी येतं का? अहो, पण कशासाठी?

परवा ओळखीतली एक मुलगी घरी आली. आठ वर्षं नर्स आहे, आयसीयूत काम करते. परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा दिली आणि लेखनात अर्ध्या गुणाने राहिली. म्हणाली, "काका, निबंध शहरीकरणावर होता. पेशंटबद्दल विचारलं असतं तर पानभर लिहिलं असतं."

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पेपर काढले. तिचं हे वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून जरा मागे जाऊ या.

१९१३ साली केंब्रिजने परदेशी लोकांसाठी इंग्रजीची पहिली मोठी परीक्षा घेतली. ती होती आपापल्या देशात जाऊन इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी. म्हणून त्यात भाषांतर, व्याकरण, उच्चारशास्त्र, साहित्य, सगळंच. जवळपास बारा तासांची परीक्षा. बसले तिघे, आणि तिघेही नापास! कठीण होती खरी, पण कोणासाठी आहे हे तरी स्पष्ट होतं.

त्याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं बघा. ऑस्ट्रेलियाने १९०१ च्या कायद्यात श्रुतलेखनाची चाचणी घातली. अधिकारी पन्नास शब्द वाचणार, तुम्ही लिहायचे. भाषा कुठली? अधिकारी म्हणेल ती. गोरे नसलेल्यांना बाहेर ठेवायचं, पण कायद्यात वर्णाचं नाव घ्यायचं नाही, यासाठीची ही युक्ती. १९३४ मध्ये एगॉन किश या हिटलरविरोधी पत्रकाराला अनेक युरोपीय भाषा येत होत्या, तर त्याला चक्क स्कॉटिश गेलिकमध्ये चाचणी दिली. कोर्टाने ती रद्द ठरवली. तरी हा प्रकार कायद्यातून जायला १९५८ साल उजाडलं. परीक्षा भाषेची होती, पण मोजायची होती चामडी.

आता आपल्या देशातली गोष्ट. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. सौदी आणि कझाकस्तानची विमानं आकाशात एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली. चौकशीत जी कारणं पुढे आली त्यात कझाक चालकदलाचं कच्चं इंग्रजी हेही होतं. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि कंट्रोलर यांच्यासाठी भाषेच्या सहा पायऱ्या ठरवल्या. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान चौथी हवी. इथे निबंध नाही. रेडिओवर ऐकू येतं का, समजतं का, नाही समजलं तर परत विचारता येतं का, हे बघतात. कारण तिथे चुकीची किंमत गुणांत मोजत नाहीत.

नर्स-डॉक्टरांचंही तसंच. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात टिम मॅकनामारा या भाषातज्ज्ञाने आरोग्यसेवकांच्या परीक्षेची नव्याने आखणी केली. आज ती ओईटी म्हणून ओळखली जाते. त्यात नर्सने रुग्णाशी बोलायचं, त्याच्या नोंदी वाचून पत्र लिहायचं. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलने ती २०१७ मध्ये मान्य केली. पुढच्याच वर्षी त्यांनी जुन्या परीक्षेतली लेखनाची अटही सातवरून साडेसहावर आणली. म्हणजे गाळणी कुठेतरी चुकत होती, हे त्यांनाही पटलं असणार.

आता कबुली देतो. मी स्वतः काय केलं? शेतीच्या पोराला, कॉमर्सच्या पोरीला आणि आयटीआयच्या मुलाला एकच पेपर दिला. 'पावसाळ्यातील एक दिवस' यावर निबंध. ज्याला मशीनवरची सूचना वाचता येत होती, त्याला मी नापास केलं. तो पोरगा परत कॉलेजला आला नाही.

परीक्षा सोपी करा असं मी म्हणत नाही. ओईटीसुद्धा सोपी नाही. पण पेपर काढायच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा : या माणसाला उद्या या भाषेत नेमकं काय करायचं आहे?

ती मुलगी आता ओईटीची तयारी करतेय. रोज संध्याकाळी मी तिचा पेशंट होतो, खोकतो, तक्रारी सांगतो. निवृत्तीनंतर इतकं छान कधी शिकवलं नव्हतं.

तुमच्यावर अशी वेळ आली होती का? कमेंटमध्ये जरूर लिहा.