पृष्ठरचना व पीडीएफ रूपांतर

संगणकावर सिद्ध केलेल्या दस्तऐवजाचे पीडीएफ या स्थिर स्वरूपात रूपांतर करताना पृष्ठाचा आकार व दिशा, समास, स्तंभ, टंक म्हणजे फाँट, पृष्ठखंड, शीर्षपंक्ती, पृष्ठांक इत्यादींची दस्तऐवजाच्या प्रयोजनानुसार योजना करावी लागते. या योजनेस रूपांतरकालीन पृष्ठरचना म्हणता येईल. पीडीएफ हे ‘पोर्टेबल डॉक्युमेंट फॉरमॅट’ या नावाचे संक्षिप्त रूप असून, कोणत्याही संगणकावर वा प्रिंटरवर दस्तऐवज सारख्याच रूपात दिसावा, अशा रीतीने तो साठविण्याची ही पद्धती होय. तीत ओळ कोठे तुटावी व पान कोठे संपावे हे रूपांतराच्या वेळीच ठरून जाते. पुढे वाचकाला ते सहजासहजी बदलता येत नाही. छापखान्यात जो निर्णय जुळारी व मुद्रक यांच्या हाती असे, तो यामुळे लिपिक, वकील, शिक्षक, विद्यार्थी अशा सर्वांच्या हाती आला. पृष्ठरचनेच्या इतिहासातील हे एक महत्त्वाचे स्थित्यंतर आहे.

पूर्वपीठिका : पानाचे रूप प्रथम लेखनसाहित्याने ठरविले. ताडपत्राच्या लांबट व निरुंद आकारामुळे भारतीय पोथी आडवी झाली. कागद प्रचारात आल्यावरही तोच आकार पुष्कळ अंशी टिकून राहिला. सुटी पाने, लांब ओळी आणि डाव्या-उजव्या बाजूंना सोडलेले समास ही तिची वैशिष्ट्ये होत. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले व एतद्देशीयांच्या मराठी मुद्रणव्यवसायाचा पाया घातला. मुद्रणयुगातही पारायणाचे ग्रंथ पोथीच्या आकारात छापण्याची चाल चालू राहिली. गुरुचरित्र अजूनही तशा आकारात छापले जाते. पानाचा आकार केवळ साहित्यावर नव्हे, तर वाचनाच्या रीतीवरही अवलंबून असतो, हे यावरून दिसून येते.

यूरोपात योहान गूटेनबेर्क याच्या सु. १४५५ मधील बायबलात बहुतेक पानांवर दोन स्तंभ व प्रत्येक स्तंभात ४२ ओळी अशी रचना आढळते. खिळ्यांच्या छपाईत जुळाऱ्याने जुळविलेल्या ओळी लाकडी व धातूच्या पट्ट्यांच्या साहाय्याने लोखंडी चौकटीत घट्ट आवळण्यात येत. एकदा चौकट आवळली, की एका शब्दाची भर घालण्यासाठीही पुढील ओळी, व प्रसंगी पुढील पाने, पुन्हा जुळवावी लागत. पानाचे स्थैर्य हा अशा प्रकारे शिशाच्या वजनाचाच परिणाम होता.

कागदाच्या आकारांचा इतिहास याच्याशी निगडित आहे. छापखान्यात डेमी, क्राऊन, फुलस्केप असे आकार रूढ होते आणि मोठ्या तावाच्या घड्या घालून पुस्तकाची पाने मिळविली जात. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ख क्रिस्टोफ लिख्टेनबेर्ख याने १७८६ मधील एका पत्रात असे दाखवून दिले होते, की कागदाच्या बाजू १ : √२ या प्रमाणात असल्यास त्याची मधोमध घडी घातली तरी तेच प्रमाण कायम राहते. या तत्त्वावर वॉल्टर पोर्स्टमान याच्या पुढाकाराने १९२२ मध्ये जर्मनीत कागदाच्या आकारांचे मानक तयार झाले व १९७५ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले. त्यातील ए-४ हा २१० × २९७ मिमी. आकार जगात बहुतेक ठिकाणी रूढ आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे मात्र ८.५ × ११ इंचांचा ‘लेटर’ आकार प्रचलित आहे. भारतातील न्यायालयांत दीर्घकाळ ‘लीगल’ या लांब आकाराच्या कागदाचा वापर होत असे. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-४ कागद व दोन्ही बाजूंस छपाई ही पद्धत लागू केली.

संगणकीय जुळणी : संगणकाच्या आरंभीच्या काळात प्रत्येक प्रिंटरची आज्ञावली वेगळी असल्याने एकासाठी रचलेले पान दुसऱ्यावर जसेच्या तसे उमटत नसे. जॉन वॉर्नॉक (१९४०–२०२३) व चार्ल्स गेश्की (१९३९–२०२१) या अमेरिकन संगणकतज्ञांनी झेरॉक्स कंपनीचे पालो आल्टो येथील संशोधनकेंद्र सोडून १९८२ मध्ये अडोबी ही कंपनी स्थापन केली. त्यांनी १९८४ मध्ये प्रचारात आणलेली ‘पोस्टस्क्रिप्ट’ ही पृष्ठवर्णनाची भाषा होय. तीत अक्षरे व आकृत्या ठिपक्यांच्या रूपात न सांगता रेषा व वक्र यांच्या रूपात सांगितल्या जातात. त्यामुळे तेच पान साध्या प्रिंटरवर व उच्च दर्जाच्या जुळणीयंत्रावर, त्या त्या यंत्राच्या सूक्ष्मतेनुसार, उमटू शकते. १९८५ मध्ये ॲपल कंपनीचा ‘लेझररायटर’ हा प्रिंटर आणि अल्डस कंपनीची ‘पेजमेकर’ ही आज्ञावली उपलब्ध झाली. व्हेनिसचा विख्यात मुद्रक अल्डस मानुटियस याच्या नावावरून या कंपनीचे नाव ठेवलेले होते. या तिन्हींच्या संयोगाने मेजावर बसून पान रचण्याचा, म्हणजे डीटीपीचा, व्यवसाय उदयास आला. महाराष्ट्रातही खिळ्यांची जुळणी हळूहळू मागे पडून संगणकावर रचलेली पाने पारदर्शक बटर पेपरवर काढून त्यांवरून छपाईच्या पट्ट्या करण्याची पद्धत रूढ झाली.

तथापि तयार पान दुसऱ्याकडे पाठविण्याची अडचण कायम राहिली. घेणाऱ्याच्या संगणकावर तीच आज्ञावली व तोच टंक नसेल, तर ओळी सरकत, पाने वाढत व आकृत्या जागा सोडत. शिशाने जे स्थैर्य अनायासे दिले होते, ते संगणकाने हिरावून घेतले होते.

पीडीएफचा उदय : या अडचणीवर उपाय म्हणून वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये ‘कॅमलॉट’ या नावाने एक योजना मांडली. कोणत्याही आज्ञावलीत तयार झालेला दस्तऐवज कोणत्याही यंत्रावर पाहता व छापता यावा, हा तिचा हेतू होता. तीतून १९९३ च्या जूनमध्ये पीडीएफची पहिली आवृत्ती व ‘ॲक्रोबॅट’ ही आज्ञावली प्रसिद्ध झाली. पोस्टस्क्रिप्ट ही पूर्ण संगणकभाषा असल्यामुळे एखादे पान दाखविण्यासाठी आधीच्या आज्ञा चालवून पाहाव्या लागत. पीडीएफमध्ये प्रत्येक पानाचे वर्णन स्वतंत्र ठेवून कोणत्याही पानावर थेट जाण्याची सोय केलेली आहे. आरंभी वाचनाची आज्ञावलीही विकत घ्यावी लागे. ती विनामूल्य मिळू लागल्यावर प्रसार वाढला. २००१ मधील मॅक ओएस एक्स, २००३ मधील ओपनऑफिसची १.१ ही आवृत्ती व २०१५ मधील विंडोज १० यांत रूपांतराची सोय अंतर्भूत झाल्याने त्यासाठी वेगळी खरेदी करण्याचे कारण उरले नाही. १ जुलै २००८ रोजी पीडीएफ हे आयएसओ ३२००० या क्रमांकाचे खुले आंतरराष्ट्रीय मानक बनले. त्याची दुसरी आवृत्ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

आरंभीच्या काळात रूपांतर बहुधा एका काल्पनिक प्रिंटरमार्फत होत असे. दस्तऐवज छापण्याची आज्ञा द्यावयाची. मात्र कागदाऐवजी पीडीएफ निघावयाची, अशी ती रीत होती. यामुळे कागदाचा आकार, आडवी-उभी दिशा, समास व प्रमाण यांच्या निवडी छपाईच्या खिडकीतच राहिल्या व पुष्कळ आज्ञावल्यांत त्या अजूनही तेथेच आढळतात. कागदावर कधीही न उमटणाऱ्या पीडीएफलाही कागदाचा आकार निवडावा लागतो, तो या वारशामुळे.

रचनेचे घटक : पीडीएफमध्ये अंतरे मूलतः १/७२ इंच या एककात मोजली जातात, त्यानुसार ए-४ पान सु. ५९५ × ८४२ व लेटर पान ६१२ × ७९२ एककांचे होते. रूपांतरात एक व छपाईत दुसरा आकार निवडला गेल्यास मजकूर आक्रसतो किंवा कडेला कापला जातो. ज्या अर्जात वा नकाशात मापांना महत्त्व आहे, तेथे ‘पानात बसवा’ हा पर्याय न वापरता प्रत्यक्ष आकार राखणे आवश्यक असते. एकाच दस्तऐवजात पानागणिक वेगळा आकार व दिशा ठेवता येत असल्याने उभ्या अहवालात एखादा रुंद तक्ता आडव्या पानावर देता येतो. रुंद पत्रकाचे रूपांतर निष्काळजीपणे केल्यास उजवीकडील स्तंभ वेगळ्या पानावर जातात आणि नाव एका पानावर व रक्कम दुसऱ्या पानावर अशी स्थिती होते. पत्रक एका पानाच्या रुंदीत बसविणे व शीर्षओळ प्रत्येक पानावर पुन्हा घेणे हा त्यावरील उपाय होय. मात्र अक्षर वाचता येणार नाही इतके बारीक होऊ न देण्याची काळजी घ्यावी लागते.

बांधणीच्या पुस्तकात समोरासमोरील पानांवर आतील समास अधिक ठेवावा लागतो. छपाईसाठी १९९९-२००० च्या सुमारास आलेल्या १.३ या आवृत्तीत एकाच पानाभोवती वेगवेगळ्या चौकटी नोंदविण्याची सोय झाली : कापल्यानंतर उरणारे पान एका चौकटीने व कडेपर्यंत जाणाऱ्या रंगासाठी कापण्याच्या रेषेबाहेर सोडलेली, बहुधा ३ मिमी., जागा दुसऱ्या चौकटीने दर्शविली जाते. आंतरजालावरील मजकुरास मुळात पाने नसतात. त्याच्या रूपांतरासाठी १९९८ मधील सीएसएस-२ या मानकात पानाचे समास व पृष्ठखंड सांगण्याचे नियम आले. परिच्छेदाची एकटी ओळ पानाच्या तळाशी वा माथ्याशी पडू नये, हा जुळाऱ्यांचा जुना दंडकही त्यात समाविष्ट आहे.

देवनागरीचा प्रश्न : पीडीएफच्या मूळ योजनेत वाचन-आज्ञावलीकडे असतीलच असे १४ टंक गृहीत धरलेले होते. ते सर्व रोमन लिपीचे व चिन्हांचे होते. देवनागरीचा त्यांत समावेश नव्हता. यामुळे मराठी दस्तऐवजात टंक अंतर्भूत करणे अपरिहार्य ठरते. तसे न केल्यास वाचकापुढे रिकामे चौकोन किंवा निरर्थक अक्षरे येतात.

याहून खोल प्रश्न संकेतनाचा आहे. युनिकोडचा सार्वत्रिक स्वीकार होण्यापूर्वी मराठीतील डीटीपीचे बरेचसे काम अशा टंकांत झाले, ज्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे अवयव बसविलेले असत. अशा टंकातील पीडीएफ डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते; परंतु तीत शब्द शोधता येत नाही व मजकुराची नक्कल केल्यास रोमन अक्षरांची गिचमीड हाती येते. युनिकोड टंक वापरूनही अडचण पूर्णपणे संपत नाही. पीडीएफ मुख्यतः अक्षराकृती व त्यांच्या जागा नोंदविते. ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, पण पानावर त्याच्या आधी उमटतो. रफार उच्चारात आधी, पण दिसण्यात नंतर येतो. जोडाक्षर अनेक वर्णांचे असूनही एकच आकृती असू शकते. आकृतींवरून मूळ वर्णांकडे नेणारे कोष्टक रूपांतरात नीट तयार झाले नाही, तर पान सुबक दिसूनही मजकूर विस्कळित राहतो. अंध वाचकांसाठी मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या आज्ञावलीला तो निरुपयोगी ठरतो. यास्तव मराठी पृष्ठरचनेत दिसणारे पान व त्यामागील मजकूर या दोहोंची परीक्षा करणे इष्ट ठरते. नजरेने मुद्रिते तपासण्याच्या जुन्या रीतीत दुसरी परीक्षा होत नाही.

स्थैर्याचे मोल : स्थिर पानाचे लाभ मोठे आहेत. अमुक पृष्ठावरील अमुक ओळ असा निर्देश सर्वांना सारखा लागू पडतो. महाराष्ट्र शासनाचे निर्णय पीडीएफ रूपात प्रसिद्ध होतात व १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उतारेही उपलब्ध झाले. अशी स्वाक्षरी झाल्यानंतर दस्तऐवजात केलेला बदल पडताळणीत उघड होतो. साहजिकच समास, पृष्ठखंड, पृष्ठांक ही सर्व योजना स्वाक्षरीपूर्वीच पूर्ण व्हावी लागते. दीर्घकालीन जतनासाठी २००५ मध्ये पीडीएफ-ए हे मानक तयार झाले. त्यानुसार सर्व टंक दस्तऐवजातच अंतर्भूत असावे लागतात व बाहेरील कशावरही त्याचे दर्शन अवलंबून राहू शकत नाही.

या स्थैर्याची किंमत वाचकाला मोजावी लागते. ए-४ आकाराचे दोन स्तंभांचे पान मोबाईलच्या पडद्यावर वाचताना ते मागे-पुढे सरकवावे लागते, कारण पडद्याच्या रुंदीनुसार ओळी पुन्हा रचल्या जात नाहीत. २००१ मधील १.४ या आवृत्तीपासून मथळा, परिच्छेद, तक्ता अशा रचनाखुणा दस्तऐवजात घालण्याची सोय झाली आणि २०१२ मध्ये अपंग वाचकांच्या दृष्टीने पीडीएफ-यूए हे मानक प्रसिद्ध झाले. या खुणा असल्यास मजकूर योग्य क्रमाने ऐकविता येतो व काही वाचन-आज्ञावल्यांत पडद्यानुसार मांडताही येतो; परंतु मूळ दस्तऐवजात मथळे मथळे म्हणूनच नोंदविलेले असतील, तरच रूपांतरात त्या नीट उतरतात.

खिळ्यांच्या काळात पान बदलणे कठीण होते, म्हणून ते विचारपूर्वक रचले जाई. पीडीएफने तेच काठिण्य हेतुपुरस्सर परत आणले. मात्र रचनेचा विचार करणारा जुळारी त्याबरोबर परत आला नाही. त्याचे काम रूपांतर करणाऱ्या प्रत्येकाकडे आले असून, पूर्वनियोजित पर्याय जसेच्या तसे स्वीकारणे हाही त्याने घेतलेला एक निर्णयच ठरतो. पानाचा वाचक कोण, ते कागदावर उमटणार की पडद्यावर, व किती काळ टिकावयाचे आहे, या प्रश्नांची उत्तरे रूपांतरापूर्वी मिळाली, तरच स्थिर पान वाचकाच्या सोयीचे होते.